रकान्यात न बसलेली माणसं

पंचनामा लिहिणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. मी कृषी सहाय्यक. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आधी मुरूड आणि नंतर श्रीवर्धन तालुक्यात, माझी बहुतेक नोकरी झाली. पंचनाम्यात खातेदाराचं नाव येतं, गट नंबर येतो, बाधित क्षेत्र, पिकाचा प्रकार, नुकसानीची टक्केवारी आणि खाली पंचांच्या सह्या. विशेषणाला तिथे जागा नसते. एखाद्या नव्या पोराने ‘भीषण नुकसान’ असं लिहिलं, तर वरिष्ठ त्याखाली लाल रेघ ओढतात आणि विचारतात, किती टक्के? कथा लिहायला बसले तेव्हा ही सवय माझ्यासोबत होती. ती कुठवर कामाची आणि कुठे अपुरी, हे समजून घेता घेता माझं कथालेखनाचं शिक्षण झालं. ते अजून चालू आहे.

सुरुवात ‘निसर्ग’ वादळाने झाली. 3 जून 2020 ला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून परतलेली माणसं गावच्या घरांत अडकलेली, आणि त्यांच्याच डोक्यावरचे पत्रे आणि कौलं उडाली. आडवी झालेली झाडं कापून रस्ता मोकळा होईल तसतसे आम्ही गावांत शिरत गेलो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक असं तिघांचं पथक. कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती.

ज्यांनी या भागातली वाडी पाहिली नाही त्यांना ती सांगायला हवी. वर माड, त्यांच्या सावलीत सुपारी, मधेमधे जायफळ, खोडांवर चढवलेली मिरी. घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ वाडीकडे. वाडी संपली की सुरूचं बन, त्यापुढे समुद्र. श्रीवर्धनचा रोठा सुपारीच्या बाजारात नावाजलेला आहे. सुपारी एकाच कोंबाने वर वाढते. तो गेला की झाड गेलं, त्याला खालून फूट येत नाही. वादळात सुपाऱ्या मधोमध मोडल्या होत्या आणि एकमेकींवर अशा पडल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. मोजताना शेंडे मोजायचे नसतात, एकच झाड दोनदा मोजलं जातं. बुंधे मोजायचे. आम्ही बुंध्यांना हात लावत, आकडे मोठ्याने म्हणत पुढे सरकत होतो.

अशाच एका वाडीत एक म्हातारे काका आमच्याबरोबर चालत होते. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. एक माड विहिरीच्या बाजूला चांगलाच कलंडला होता, अर्धी मुळं वर आली होती. मी त्याला हात लावून पुढचा आकडा म्हटला, तर काका थांबले. म्हणाले, “हा माड धरू नका. हा उभा राहील.” मी समजावलं, काका, हा नुकसानीत धरता येतो. त्यांनी मान हलवली. “नको. तो पडलेला नाही.” मागल्या दारात त्यांची सून उभी होती. ती आमच्याकडे बघत होती, बोलली काही नाही. तलाठीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तो माड सोडून आम्ही आकडा लिहिला, काकांनी सही केली, आम्ही शेजारच्या वाडीत गेलो.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात कच्च्या कागदांवरून पक्का तक्ता करताना त्या वाडीची ओळ आली. सगळे रकाने भरले गेले. काकांनी जे म्हटलं ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. पीक प्रात्यक्षिकाची एक जुनी वही होती, तिच्या मागच्या पानावर मी ते वाक्य लिहून ठेवलं, खाली दारातल्या सुनेबद्दल एक ओळ लिहिली. माझ्या पहिल्या कथेचं टिपण ते. तोवर मी कथा लिहीन असं मनातही नव्हतं.

त्या टिपणाची कथा व्हायला पुष्कळ काळ गेला. पहिल्या खर्ड्यात पानंच्या पानं वादळच होतं. त्यात नवल नाही. आपण जे सोसलेलं असतं ते सगळं सांगून टाकावं असं नव्याने लिहिणाऱ्याला वाटतंच, आणि वादळ होतंही तसंच. बोर्ली पंचतनला मराठी शिकवून निवृत्त झालेले एक सर होते, त्यांना मी तो खर्डा दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, “सून काय म्हणाली?” मी म्हटलं, काहीच नाही. सर म्हणाले, “मग ही तिची गोष्ट आहे.”

घरी जाऊन मी सगळं नव्याने मांडलं. त्या घरात पैशाचा हिशोब सून ठेवते. तिचा नवरा पनवेलला कंपनीत होता, टाळेबंदीत काम बंद. मुलांची फी आहे, उडालेल्या पत्र्यांचे पैसे उभे करायचे आहेत, आणि सासरा समोर आलेल्या मदतीतलं एक झाड स्वतःहून कमी करतो आहे. तिला त्याचा राग येतो, आणि त्याला अडवणं तिच्याच्याने होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी. आता वादळ पाऊण पानात मावलं, कारण त्या बाईला वादळाबद्दल बोलायला उसंतच नव्हती. कथा कोणाच्या नजरेतून सांगायची, हा प्रश्न पुस्तकात वाचताना तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो एका माणसाला दारातून आत घ्यायचं की बाहेरच ठेवायचं, असा असतो.

मग आकड्यांचा प्रश्न आला. त्या वर्षी शासनाने आधी बागायतीला हेक्टरी 50 हजार रुपये अशी मदत जाहीर केली होती. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत. हेक्टरच्या हिशोबाने हातात काय येणार? ओरड झाली आणि काही महिन्यांनी झाडागणिक मदत ठरली : नारळाच्या झाडाला 250 रुपये, सुपारीच्या झाडाला 50. माझ्या खर्ड्यात सून मनात 250 चा हिशोब करत होती. वाक्य मला आवडलंही होतं. पण कथेतला दिवस जूनमधला, आणि जूनमध्ये हा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. तिला आणि काकांना एवढंच माहीत होतं की काहीतरी मिळेल, किती ते नाही. तो आकडा काढल्यावर कथा बदलली. ठरलेल्या रकमेपुढे ‘नको’ म्हणणं एक आणि अंधारातल्या रकमेपुढे म्हणणं वेगळं. तेव्हापासून कुठलाही प्रसंग लिहायच्या आधी मी एका बाजूला लिहून काढते : त्या दिवशी या माणसाला काय माहीत आहे, काय नाही. लेखकाला नंतरचं सगळं माहीत असतं. ते पात्राच्या तोंडी घातलं की पात्र मरतं.

सरांच्या कपाटातून या काळात पुस्तकं येत राहिली. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ त्यांनीच दिलं. 1931 चं पुस्तक. सुरुवात, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट, वाचकाची उत्कंठा कशी धरून ठेवायची, याची इतकी स्पष्ट मांडणी मी कुठे वाचली नव्हती. पुढे नवकथा आली तेव्हा या तंत्राला धक्का बसला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथांनी चाळिशीच्या दशकात दाखवून दिलं की घटना लहान असली तरी चालते, माणसाच्या मनात काय हललं ते महत्त्वाचं. आज फडक्यांचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शिकाऊ माणसाला आधी चौकट दिसावी लागते. ती मोडायची की नाही हे नंतरचं. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ 1949 ची. ती वाचताना कळलं की एका माणसाचं चालणं, बसणं, विडी ओढणं नीट पाहिलेलं असलं तर गोष्ट आपोआप त्याच्या पायाखाली येते. सर ‘सत्यकथे’च्या आठवणी सांगायचे. 1933 ते 1982 पर्यंत चाललेलं ते मासिक. राम पटवर्धन संपादक असताना कथा परत यायची ती सविस्तर पत्रासह, काय राहिलं आणि काय जास्त झालं ते सांगत. मराठीत कथालेखनाच्या शाळा थोड्या झाल्या. संपादकाचं पत्र हीच बऱ्याच लेखकांची शाळा होती.

एक पुस्तक मात्र मी कपाटात ठेवून शिकले नाही, बंदरावर नेऊन शिकले. हेमिंग्वेची 1952 ची म्हातारा कोळी आणि समुद्राची कादंबरी पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर माझ्या ओळखीचे एक कोळी मामा होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. त्या दिवसांत मी त्यांना ते पुस्तक थोडं थोडं वाचून दाखवलं. मामा ऐकताना हात थांबवत नसत. गळाच्या दोऱ्या किती खोल सोडल्या, आमिष कसं लावलं, प्रवाह होडीला कुठे नेतो, असलं काही आलं की मान हलवायचे. मधेच म्हणाले, “पोरगा दुसऱ्या बोटीवर गेला ना? मग आता ह्याची होडी सांभाळतो कोण?” पुढे वाचलं की म्हातारा प्रवाहाच्या जोरावर होडी सोडतो आणि वल्ही पाण्यात बेतानेच घालतो, तेव्हा मामांचं समाधान झालं. “हां. मग बरोबर.”

या ‘मग बरोबर’वर मी पुष्कळ विचार केला. क्यूबातल्या म्हाताऱ्याची गोष्ट श्रीवर्धनच्या कोळ्याने खरी मानली, ती भावनेच्या जोरावर नव्हे, कामाच्या तपशिलावर. तपशील चोख होता म्हणून पुढे त्या म्हाताऱ्याचं एकटेपणही त्यांनी मान्य केलं. हातातली सुई खाली ठेवून ऐकलं. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो अजून पाळते : कथेत जे काम येतं ते करणाऱ्या माणसाला ते पान वाचून दाखवायचं. सुपारी उतरवणारा, बोट चालवणारा, अंगणवाडीताई, कोणीही असो. साहित्याबद्दल त्यांना विचारायचं नाही. “हे असंच करता ना?” एवढंच विचारायचं. उत्तर देता देता ती माणसं जे सांगतात ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

बोलीचं शिक्षण याच ओघात झालं. किनाऱ्यावर एका गावात चार बोली असतात. वाडीवाल्यांची वेगळी, कोळीवाड्यातली वेगळी, कुणब्यांची वेगळी, मुसलमान मोहल्ल्यातली कोकणी आणखी वेगळी. माझी स्वतःची आगरी. नोकरीसाठी प्रमाण मराठी बोलायची इतकी सवय झाली होती की कथेतली सगळी माणसं सरकारी बैठकीत बसल्यासारखी बोलायला लागली होती. मी मग निवेदन प्रमाण भाषेत ठेवलं आणि संवाद त्या त्या माणसाच्या तोंडचे. वर्ध्याच्या वाचकालाही अर्थ लागला पाहिजे, म्हणून प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायचा हट्ट सोडला. वाक्याची ठेवण आणि लय बोलीची राहिली की पुरतं. सुट्टीत दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने यायचं, तिथून मुरूड, रेवदंडा करत घर गाठायचं, आणि रात्री आईला पानं वाचून दाखवायची. आई शाळेत फारशी गेलेली नाही. पण एखादं माणूस खोटं बोललं की तिला लगेच कळतं. “अशी नाय बोलाची ती,” म्हणते, आणि मी ती ओळ खोडते.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात आहे, आणि जी कथा लिहिताना मला हे कसब सगळ्यात जास्त उमगलं ती तिथली. चरी गाव आमच्यापासून लांब नाही. 27 ऑक्टोबर 1933 पासून चरी आणि आसपासच्या 25 गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांची जमीन कसायचं थांबवलं. हा संप 1939 पर्यंत चालला. सहा पावसाळे जमीन पडून. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे धरले, मजुरी केली. डॉ. आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली, 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1939 च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं आणि पुढे 1948 चा कूळ कायदा आला. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

एवढा मोठा विषय हाताशी, म्हणून मी सभेपासून सुरुवात केली. भाषणं, घोषणा, खोताचा कारभारी. लिहीत गेले तसं जाणवलं की या पानांवरच्या प्रत्येकाला काय बरोबर ते आधीच माहीत आहे. कोणालाही काही ठरवायचं उरलेलं नाही. इतिहास म्हणून ते ठीक आहे. इतिहासात काय झालं ते सांगायचं असतं, आणि नारायण नागू पाटलांच्या ‘कथा एका नेत्याची’ या आत्मचरित्रात ते त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. कथेला एक माणूस लागतं, ज्याला आज संध्याकाळपर्यंत काहीतरी ठरवायचं आहे.

ते माणूस मला आजीच्या एका वाक्यात सापडलं. आजीने संप लहानपणी पाहिला होता. त्या दिवसांचं ती फार बोलत नसे. एकदा भात पाखडताना म्हणाली होती, “आय बी घेऊन मायेरा जायची.” आय म्हणजे माझी पणजी. लहानपणी मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. कृषी सहाय्यक झाल्यावर ते वाक्य अचानक वेगळं ऐकू आलं.

आमच्या कामात खरिपाच्या आधी बियाण्याची उगवणक्षमता तपासायला शिकवतात. भाताचे 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, गोणपाट ओलं ठेवायचं, आठवडाभरात किती मोडले ते मोजायचं. 80 तरी मोडले पाहिजेत. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत भाताचं बी वर्षानंतर झपाट्याने निकामी होत जातं. मग संपात जमीन पडीक असताना घरातलं बी सहा वर्षं टिकणार कसं? मुडीत बांधून आढ्याला टांगलं तरी ते मरणारच. हे पणजीला कोणी शिकवायला नको होतं, प्रत्येक शेतकरणीला ते माहीत असतं. म्हणजे ती बी माहेरी नेत होती ती ते पेरायला. माहेर संपाच्या गावांबाहेर होतं. तिथे थोड्या जागेत पेरायचं, नवं बी घेऊन परत यायचं, पुढच्या वर्षी पुन्हा न्यायचं. खाऱ्या जमिनीत तगणारं, तांबड्या दाण्याचं आपल्या घरचं भात तिने असं जिवंत ठेवलं असणार.

माझ्याकडे आता घटना फार लहान होती, आणि तिच्याभोवती प्रश्नांची गर्दी. घरात उपासमार आहे आणि कणगीत बी आहे. पोरांना ते कांडून घालायचं की ठेवायचं? दर वर्षी बी नवं करायचं म्हणजे दर वर्षी वाटायचं की यंदा संप मिटेल. की तिला वाटत होतं, आपली माणसं हरतील आणि पुन्हा खोताच्या दारात उभं राहावं लागेल, तेव्हा हातात बी असावं? नवऱ्याने सभेत शब्द दिलेला. त्याला हे माहीत होतं का? शेजाऱ्यांनी तिला बियाण्याचं गाठोडं नेताना पाहिलं असतं तर संप फोडणारी म्हणून तिचं नाव झालं असतं. म्हणून माझ्या कथेत ती बी लाकडाच्या मोळीत लपवून नेते. सगळ्या गावाच्या डोक्यावर मोळ्याच होत्या, कोणाला संशय येत नाही.

पुढे कथेत मी भाऊ आणला. बहीण बी घेऊन येते, जमीन भावाची, नांगर त्याचा. पहिल्या वर्षी तो काही मागत नाही. तिसऱ्या वर्षी म्हणतो, “अर्धेली दे.” जी अर्धेली, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, खोताला द्यायची नाही म्हणून तिचं सगळं गाव जमीन पडीक टाकून बसलंय, तीच सख्खा भाऊ मागतो. त्याचंही चुकत नाही, त्याला त्याची पोरं आहेत. हे वाक्य लिहिलं आणि मी बराच वेळ वही पुढे ओढली नाही. पणजीच्या आयुष्यात असं घडलं असं मी म्हणत नाही, ते माझं रचलेलं आहे. पण ते रचायला मला आजीचं वाक्य लागलं, बियाण्याचं ज्ञान लागलं, अर्धेलीचा व्यवहार माहीत असावा लागला, आणि भावाला दुष्ट न करता त्याचीही बाजू धरून ठेवावी लागली. कल्पना म्हणजे हवेतून काढलेलं काहीतरी, असं मी पूर्वी समजत असे. आता मला वाटतं की ती नेमक्या माहितीच्या शेवटच्या पायरीवरून पुढे टाकलेलं पाऊल आहे. आधीच्या पायऱ्या नसतील तर पाय पोकळीत पडतो.

ती कथा एका दिवाळी अंकाला पाठवली, तर संपादकांनी फोन करून सांगितलं की शेवट दोनदा झालाय. ती बाई माहेराहून निघते तिथे एकदा, आणि मग 1939 साली संप मिटतो तिथे पुन्हा. दुसरा काढा. संप मिटल्याचा प्रसंग माझ्या फार जिव्हाळ्याचा होता. आमच्या घरात आजही ते अभिमानाने सांगतात. पण संपादकांचं बरोबर होतं. त्या बाईने भावाला काय उत्तर दिलं ते वाचकाला कळल्यावर तिची गोष्ट पूर्ण झाली होती, उरलेलं सगळ्या जिल्ह्याचं होतं.

खोडण्याबद्दल बोलायचं तर मला माझ्याच कामातली एक गोष्ट आठवते. पेरणीपूर्वी आम्ही शेतकऱ्यांना बी मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतो, 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले धुऊन सावलीत सुकवून पेरायचे. मी माझी वाक्यं तशीच तपासते, फक्त मीठ म्हणजे मोठ्याने वाचणं. सुंदर दिसणारी बरीच वाक्यं वर येतात. ‘भीषण’ तर हटकून येतं. पंचनाम्याची शिस्त इथे पुन्हा उपयोगी पडते : किती, कुठे, कोणी, केव्हा, हे नीट लिहिलं की विशेषणाची गरज आपोआप सरते. अपुरी ती एकाच जागी पडते, माणूस ‘नको’ म्हणतो तिथे. त्या जागेसाठी कथा आहे.

रायगडला कथा-कादंबरीची परंपरा नाही असं नाही. र. वा. दिघे खोपोलीला राहिले, शेती केली आणि ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. ‘पाणकळा’ 1939 ची, चरीचा संप मिटला त्याच वर्षीची. पण ती घाटाच्या पायथ्याची दुनिया. कोकणातली कथा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे येतो दक्षिणेचा मुलूख. श्री. ना. पेंडशांचं दापोली-खेड, जयवंत दळवींचं आरवली, खानोलकर आणि मधु मंगेश कर्णिकांचा सिंधुदुर्ग. त्या थोर लेखकांनी आपापला मुलूख नांगरून ठेवला. रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतचा हा किनारा, त्यातला खारेपाट, त्यातले कोळीवाडे, मोहल्ले, रेवदंडा-अलिबागचे बेने इस्रायली, कोर्लईतली पोर्तुगीजवळणाची बोली बोलणारी ख्रिस्ती माणसं, हे कथेत फार थोडं आलं आहे. आता तर जमिनी विकल्या जात आहेत, मांडव्याला मुंबईहून रो-रो येते, बांधावर बंगले उभे राहतात. कुठली वाडी कोणाची होती हे सांगणारं माणूसही काही वर्षांनी सापडणार नाही.

म्हणून या किनाऱ्यावर जे कोणी लिहू पाहतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही बोटीवर तिकीट फाडत असाल, तलाठी कार्यालयात उतारे देत असाल, आशाताई म्हणून घरोघर जात असाल, तर तुमच्या कामात तुम्हाला जे माहीत आहे ते शहरातल्या कोणत्याही लेखकाला माहीत नाही. वही घ्या. दिवसभरात कोणी ‘नको’ म्हटलं, कोण दारात उभं राहून गप्प राहिलं, ते त्याच रात्री लिहून ठेवा, त्याची कथा होवो न होवो. आणि आधी आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. मी आजीला विचारायला उशीर केला असं नाही म्हणणार, तेव्हा काय विचारायचं हेच मला कळत नव्हतं. तुम्हाला आता कळतं. चरीचा संप कळत्या वयात पाहिलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढचं असेल, आणि अशी माणसं खारेपाटात बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत.